आक्काची गिरणी

हे प्रकरण सुरू होतं तेव्हा मी छप्पन्न वर्षांची आहे, हे आधीच सांगून टाकते. नाही तर वाचणारा म्हणेल, बाई मोठं होण्याच्या गोष्टी सांगत होती, हे मध्येच काय काढलं. पण माझं मोठं होणं असंच उशिरा झालं, त्याला मी काय करू? सोळाव्या वर्षी लग्न होऊन दिग्रसजवळच्या या गावात आले आणि पुढची चाळीस वर्षं कोणी मला विचारलं नाही की बाई, तुला काय येतं. मीही कोणाला सांगायला गेले नाही. भाकर येत होती, निंदण येत होतं, दिवसभर वाकून कापूस वेचणं येत होतं, पण त्याला काही कोणी 'येणं' म्हणत नाही. मग पोराने नवा मोबाइल घेतला आणि काचेला तडा गेलेला जुना माझ्या हातात दिला. तिथून पुढचं जे वय आहे, त्याला मी माझं तरुणपण समजते. आता सदुसष्ट चालू आहे आणि ते काही संपायचं नाव घेत नाही.

घरात आम्ही चौघं. मुलगा प्रवीण दिग्रसला एका बियाण्याच्या दुकानात कामाला, सून रूपाली, मी आणि हे. ह्यांचं बोलणं कमी, खाकरणं जास्त. चहा पाहिजे असला की एक बारीक खाकरणं, जेवायला वाढ म्हणायचं असलं की दोन, आणि एखादी गोष्ट पसंत नसली की असं लांबलचक खाकरायचे की गोठ्यातली गाय मान वर करायची. चाळीस वर्षांत मी त्या खाकरण्याची बाराखडी पाठ केली होती. आज वाटतं, माझा कान तिथेच तयार झाला असावा. मोबाइल मला शिकवला रूपालीने, एका हाताने भाकर थापता थापता. "आई, हे माइकचं चित्र हाय नं, त्यावर बोट दाबून धराचं अन् बोलाचं. बोट सोडलं का गेलं समजा." मी दहा वेळा विचारायची, ती दहा वेळा सांगायची. अंबाडीची भाजी करपली तरी चिडली नाही. सून अशी मिळायला नशीब लागतं. हे मी तिच्या तोंडावर कधी म्हटलं नाही, इथे लिहून ठेवते.

तिनेच मला बायांच्या एका ग्रुपमध्ये टाकलं. जुनी गाणी गोळा करणाऱ्या बाया होत्या त्या, गावोगावच्या. आमच्याकडे भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत पोरी भुलाबाईची गाणी म्हणतात. तिकडे कोल्हापूरकडे तसाच हादगा असतो, आणखी कुठे भोंडला. गाणी वेगळी असली तरी शेवट सगळीकडे एकच. गाणी झाली की घरची बाई झाकलेला डबा घेऊन बाहेर येते, तो कानाशी हलवते आणि पोरींनी नुसत्या आवाजावरून ओळखायचं, आत खाऊ काय आहे. ओळखला तर पोरी जिंकल्या. नाही ओळखला तर घरची बाई जिंकली, आणि मग तिचा तोरा आठवडाभर पाहून घ्यावा. लहानपणी माझ्या आईचा खाऊ अख्ख्या गल्लीत कोणाला ओळखू यायचा नाही. मला मात्र सगळ्यांचा यायचा.

त्या वर्षी भुलाबाईच्या दिवसांत गल्लीतल्या पोरी आमच्या अंगणात जमल्या होत्या. मी डबा हलवला. त्याच हातात मोबाइल होता, ग्रुप उघडा होता आणि माझा अंगठा नेमका त्या माइकच्या चित्रावर दाबलेला. अंगठा सुटला आणि गेला की तो आवाज दीडशे बायांना! कोणी विचारलं, हे काय पाठवलं? कोणी काहीच न ऐकता हात जोडल्याचं चित्र पाठवलं. काही बाया सगळ्यालाच हात जोडतात. मी घाबरून रूपालीला हाक मारणार, तेवढ्यात एक घोगरा, जाडाभरडा आवाज आला. मागे यंत्राची घरघर चालू होती. "फुटाणं हायत. सालासकट. डबा पितळंचा हाय आनि झाकान सैल झालंय." एवढंच.

मी खालीच बसले. फुटाणेच होते. सालासकट. डबा लग्नात आलेला पितळी, आणि त्याचं झाकण माझ्या पहिल्या बाळंतपणापासून सैल होतं. सहाशे-सातशे किलोमीटरवरून कोणीतरी माझ्या डब्याचं झाकण ओळखलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्या घोगऱ्या आवाजाच्या बाईने मला एकटीला तिच्या डब्याचा आवाज पाठवला. मी तांदूळ म्हटलं. ती म्हणाली, "तांदूळ खरं, पन कसला?" मी पुन्हा ऐकलं आणि म्हटलं, भाजलेला. "आता कशी!" झालं. तिथून पुढे तीन वर्षं रोज सकाळी तिचा डबा आणि संध्याकाळी माझा. भुलाबाई महिन्यात संपायची, पण आमचं बारा महिने चालायचं. तिने एकदा काकवी पाठवली, डब्यात तोंडोतोंड भरून. मला काही आवाजच येईना, मी रिकामा डबा म्हणाले आणि हरले. मग मी वाळलेली मोहफुलं पाठवली. ती चार दिवस मनुके, खारका, सुकलेली बोरं म्हणत राहिली. सांगितल्यावर म्हणाली, "हे न्हाय चालायचं. जे आमच्याकडं पिकतच न्हाय ते पाठवायचं न्हाय." पुढच्याच आठवड्यात स्वतः काजू पाठवले, सालीसकट! आमच्याकडे कुठे पिकतो काजू?

तिची पिठाची गिरणी होती. तिशीत नवरा गेला, तेव्हापासून ती एकटीने चालवत होती. मुलगा पुण्याला नोकरीत. गाव गडहिंग्लजच्या पलीकडे. मी तिला आक्का म्हणायची, कारण ग्रुपमधल्या बाया तसं म्हणायच्या, आणि मोबाइलमध्ये तिचं नाव होतं 'गिरणी आक्का'. ती मला सरळ 'दिग्रस' म्हणायची. "काय गं दिग्रस, आज आवाज बारीक का तुझा? जेवलीस न्हाईस व्हय?" ह्यांना सुरुवातीला ती बाई आहे हेच पटेना. "हा आवाज बाईचा हाय?" ते म्हणायचे. "कोणी बुवा बोलून राह्यला अवो तुह्याशी." मी म्हणायची, बोलून तर राहिला! आणि त्या आक्कानेच एक दिवस मला तो प्रश्न विचारला. तुला काय काय येतं गं? मी म्हटलं, काही नाही येत. "कान येतोय की," ती म्हणाली. "असला कान गिरणीवाल्याला लागतो. दगडाचा आवाज फिरला का पीठ जळतंय. मला हे कळायला पाच वर्षं गेली." त्या दिवशी मी पीठ मळताना उगाच हसत होते. ह्यांनी दोनदा खाकरून पाहिलं, मी सांगितलं नाही.

चौथ्या वर्षी ऐन भुलाबाईच्या दिवसांत आक्काचा डबा आला नाही. मी माझा पाठवला. त्याच्यापुढे एकच टिक, दुसरी येईचना. फोन लावला तर बंद. दोन दिवस, चार दिवस, आठ दिवस. तो ग्रुप तर केव्हाच मोडला होता. मी प्रवीणला म्हटलं, काही कर.

"आडनाव काय तिचं?"

"माईत नाई."

"गाव?"

"गडहिंग्लजच्या पल्याड."

"अवं आई, नाव तं असंन काही!"

"आक्का."

त्याने रूपालीकडे पाहिलं. "तीन वर्षं रोज बोलून राह्यली अन् नाव माईत नाई?"

"चाळीस वर्षं तुह्या बापासंग बोलली," मी म्हटलं, "घेतलं का कधी नाव?"

रूपाली पदरात हसली, पण मला हसू येत नव्हतं. कोणाला हे सांगून कळत नाही. नातलग गेला तर निरोप येतो, कोणी तरी पत्र टाकतं. आक्काला काही झालं तर मला कोण सांगणार होतं? तिच्या घरी माझं नावसुद्धा कोणाला ठाऊक नसणार.

एक मात्र होतं. तिचे सगळे आवाज माझ्याकडे होते. मोबाइल भरला म्हणून रूपाली कितीदा म्हणाली होती, "आई, हे जुने डबे काढून टाकू का?" आणि मी दर वेळी नाही म्हटलं होतं. आता दुपारची कामं आटोपली की मी कानात वायर घालून मागच्या पडवीत बसायची आणि पहिल्यापासून एकेक ऐकायची. आजपर्यंत मी डब्याकडे कान दिला होता, आता डब्याच्या मागे काय वाजतं ते ऐकत होते. पण मागे गिरणी. कुत्रं, कोंबडा, एसटी, सगळं त्या घरघरीत बुडालेलं. तिसऱ्या दिवशी डोक्यात आलं की लाइट नसेल त्या दिवशी गिरणी बंद असणार. मग फक्त तेच शोधले, ज्यात आक्का सुरुवातीलाच म्हणते, "लाईट गेलीया बघ." असे नऊ-दहा निघाले. एकात तिने मेथ्या हलवल्या होत्या, आणि मेथ्यांच्या मागे कचऱ्याची घंटागाडी चालली होती. ओला कचरा वेगळा, सुका कचरा वेगळा, ग्रामपंचायत कळंब... आणि पुढचं मेथ्यांनी खाल्लं. दुसऱ्या एकात हरभरे होते. तिथे पुढचा भाग खाल्ला गेला होता आणि शेवट उरला होता, '...टेक'. मी रूपालीला बोलावलं. तिला कळंबेच ऐकू येत होतं. मी म्हटलं, नाही गं, कळंबटेक. तिने नकाशावर टाकून पाहिलं. गडहिंग्लजच्या पलीकडे एक ठिपका होता, कळंबटेक. आम्ही दोघी सासू-सुना त्या ठिपक्याकडे पाहत राहिलो.

प्रवीणने कुठून तरी ग्रामपंचायतीचा नंबर काढला. दोन दिवस लावला, लागला नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना मी म्हटलं, मी जाते.

ह्यांचा घास हातातच राहिला. "कुठं?"

"आक्काकडं."

"ऐन सोंगणीत?" सोयाबीन वावरात उभं होतं, मजूर सांगून ठेवले होते. "अन् एकटी? महागावाले जाची तं मले दोनदा पुसे, गाडी कुठं लागते म्हून."

"आता तिथं पुसन. तोंड हाय नं मले."

"अवो, पण ते बाई तुही कोण लागते?"

मी भाजीतली फोड इकडून तिकडे सारत बसले. उत्तर दिलं रूपालीने, चुलीकडे तोंड करून. "बाबा, मजुराइकडे मी पाहीन. आईले जाऊ द्या. हप्ताभरापासून त्याइनं धड जेवण नाई केलं, तुमी पाह्यलं का?" हे खाकरलेही नाहीत, आणि ते काही माझ्या बाराखडीत नव्हतं. सकाळी उठले तर माझ्या पिशवीत ह्यांनी आपली पाण्याची बाटली आणि चष्म्याची जुनी डबी घालून ठेवली होती, डबीत सगळ्यांचे फोन नंबर लिहिलेला कागद. "पोहोचली का फोन करजो," एवढंच म्हणाले.

दिग्रसहून पुसद, पुसदहून नांदेड, तिथून कोल्हापूर, मग गडहिंग्लज. प्रत्येक स्टँडवर मी तीन-तीन माणसांना एकच गोष्ट विचारली आणि तिघांचं जुळलं तरच गाडीत बसले. शेवटी एका वडापच्या जीपमध्ये दहाजणांत चेपून बसले आणि ड्रायव्हरला विचारलं, कळंबटेकला बाईची गिरणी आहे का? "हाय की. पन बंद हाय ती," तो म्हणाला. "म्हातारीचा हात मोडलाय." हात मोडला होता, म्हणजे बाकीची आक्का होती.

गिरणीचं शटर खाली, त्याला कुलूप. मागे घर. दारात खाटेवर एक बाई बसलेली, उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. त्या आवाजावरून मी धिप्पाड बाई मनात धरली होती, आणि ही तर माझ्या खांद्याला लागेल एवढीशी! तिने डोळ्यांवर हात धरून विचारलं, "कोन पायजे?" मी नुसतं म्हटलं, "आक्का."

ती उठून उभी राहिली. "दिग्रस!" ती म्हणाली. "आगं बया, दिग्रस, तू हिकडं कुठनं आलीस?" आणि मग डाव्या हाताने माझ्या पाठीत असा धपका घातला की प्रवासाचा सगळा शीण खाली पडला.

झालं होतं असं. चालत्या गिरणीचा पट्टा निसटला, आक्का बसवायला गेली, हात पिळवटला, ती पडली आणि मोबाइल तिच्याखाली चुरा झाला. माझा नंबर त्याच्यात. मुलगा पुण्याहून आला, प्लास्टर घातलं, शटर ओढलं आणि सांगून गेला की आता बास. येत्या रविवारी गाडी घेऊन येतो, कायमचं पुण्याला चल, गिरणी विकून टाकू. "पोरगं वंगाळ न्हाय," ती म्हणाली. "काळजीनंच म्हनतोय. मी हो म्हनलं."

"अन् तुमाले काय पाह्यजे?" मी विचारलं.

"मला काय पायजे ते इचारतंय कोन?"

"मी विचारून राह्यली नं."

आक्काने प्लास्टरवरचा सुटलेला धागा ओढून तोडला. मग शटरकडे हनुवटी केली.

किल्ली खिळ्याला होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टा बसवायला शेजारचा मिस्त्री बोलावला आणि मी गिरणीचं बटण दाबलं. खोटं कशाला सांगू, पहिल्या आवाजाला मी दोन पावलं मागे सरले. आक्का खुर्ची टाकून बसली आणि ओरडून सांगू लागली. दगड दाबणारं चाक जरा ढिलं कर, धान्य हळू सोड, पिठावर हात धर, गरम लागतंय का बघ. पहिल्या दिवशी मी एका बाईचे हुलगे दळले आणि दगड साफ न करता दुसरीचे गहू टाकले. ती गव्हाची बाई दुसऱ्या दिवशी डबा घेऊन आली. मला वाटलं भांडायला आली. "मावशी, चपातीला हुलग्याचा वास सुटला," ती म्हणाली, "पन आमचं मालक दोन जास्तीच खाऊन गेलं." रांगेतल्या सगळ्या हसल्या. "इदर्भाची चपाती म्हनायची ती!" तिसऱ्या दिवशी ज्वारी दळताना आवाजात काहीतरी किरकिरलं. आक्का तोंड उघडणार, तोवर मी चाक ढिलं केलं होतं. तिने तोंड मिटलं आणि डाव्या हाताने पान जुळवायला घेतलं. कोणी शाबासकी देऊनही मला एवढं बरं वाटलं नसतं.

मला आज लोक विचारतात, मोबाइलवरच्या ओळखीचा काय भरवसा? मी म्हणते, काहीच नाही. भरवसा पुढे जाऊन करावा लागतो, जीपमध्ये चेपून बसून. आक्का आता पंचाहत्तरीची आहे. वर्षातून एकदा मी तिच्याकडे जाते, एकदा ती आमच्याकडे येते, आणि आमच्या अंगणात बसून ह्यांनाच विचारते, "काय ओ भावजी, खाकरताय कशाला, तोंडानं सांगा की." आणि हे सांगतात!

तर तो रविवार. सकाळपासून रांग. मध्ये पंधरा-वीस दिवस गिरणी बंद होती, त्यामुळे सगळ्या गावाचं पीठ संपलेलं. मी भुवयांपर्यंत पांढरी झालेली, डोक्याला आक्काचं फडकं. दारात गाडी थांबली आणि एक चाळिशीचा माणूस उतरला. शटर वर, गिरणी चालू, चाकावर कोणी अनोळखी बाई. "आपण कोण?" त्याने विचारलं. "गिरणी कोणी उघडली?"

"मी उघडली. तुमच्या आईची मैत्रीण हाय मी, यवतमाळकडची."

"यवतमाळ?" त्याने आक्काकडे पाहिलं. "आई, सामान भरलं का तू?"

"न्हाय भरलं," आक्का म्हणाली. "मी येनार न्हाय."

"आणि हे कोण करणार? या मावशी आज आहेत, उद्या जातील. मग पुन्हा तू त्या पट्ट्यात हात घालणार?"

तो खरं बोलत होता. आक्काने मान खाली घातली. मी दोन दिवसांनी निघणार होते, तसं घरी सांगितलंही होतं. वावरात सोयाबीन होतं, चुलीपुढे रूपाली एकटी होती. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाला न विचारता बोलले. "प्लास्टर निघून हात बरा होईस्तवर मी इथंच हाय. महिना लागो का दोन. तंवर गावातली एखादी बाई शिकवून ठेवतो आमी, जड काम ते पाहीन."

"मी शिकतो की," रांगेतली ती हुलग्याच्या चपातीवाली म्हणाली. "घरात बसून तरी काय करतोय?"

"आणि तुमचं घर?" मुलाने मला विचारलं.

"घर कुठं पळून चाललं?"

घरी फोन मी नंतर केला. हे ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "राहा. सोंगणी झाली. रूपालीनं केली." पण ते नंतर. तेव्हा तो मुलगा दारात उभा होता, आईकडे पाहत होता. आक्काने मान वर केली होती आणि पडल्यापासून पहिल्यांदाच, शेजारणी पुढे मला म्हणाल्या, तिच्या तोंडावर जुना रुबाब आला होता. मागून एका म्हातारीने त्याला डब्याने ढोसलं. "ए बाबा, बाजूला सर की. आमचा खोळंबा हुतोय."

तो बाजूला सरला. मग त्याने मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं, बाह्या वर केल्या, पाय जमिनीत रोवल्यासारखा उभा राहिला आणि लहानपणी आईच्या हाताखाली ओरडत असेल तसा ओरडला, "पुढचा डबा कुणाचा?"

त्या दिवशी अंधार पडायच्या आत आम्ही सगळी रांग मोकळी केली. तो डबे उचलून ओतत होता, आक्का खुर्चीवरून दोघांनाही शिव्या देत होती, आणि चाकावर मी होते. शेवटची बाई गेल्यावर बटण मी बंद केलं, आणि शटरही मीच ओढलं.